पिनियन सील नवं टाकलं तरी गळतंच: जुन्या जीपवर तीनदा केलेलं काम

लक्षण असं. गाडी रात्रभर उभी राहिली की मागच्या ॲक्सलच्या मधोमध, जिथे प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाचा फेरा मागे आणणारा लांब दांडा) डिफरन्शियलच्या (तो फेरा दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याला जोडलेला असतो, त्याखाली सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग. तिथलं पिनियन सील, म्हणजे डिफरन्शियलच्या आत जाणाऱ्या दातेरी दांड्याभोवती (पिनियनभोवती) तेल अडवणारं रबरी कडं, बदललं की काही आठवडे कोरडं, मग पुन्हा तोच डाग, त्याच जागी.

आमची जीप १९८९ ची, वडिलांनी घेतलेली. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेतून नाशिकला आणि परत, औषधाचे ड्रम, खताच्या गोण्या, वर्षातून चार-पाच वेळा वणीच्या गडाची चढण. हिचं पिनियन सील दोन वर्षांत तीनदा बदललं. प्रत्येक वेळी जुनं सील खरोखरच गेलेलं होतं, त्यामुळे दोष सीलचाच असं वाटत राहिलं. माझं आजचं मत स्पष्ट आहे: पिनियन सील आपणहून क्वचित मरतं. त्याला कोणीतरी मारतं, आणि तो कोण हे शोधल्याशिवाय नवं सील ठोकलं तर तेही त्याच वाटेने जातं.

खाली लिहिलंय ते जीपला जसं लागू आहे तसंच ॲम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, जिप्सी, क्वालिस अशा इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे. फक्त एका बाबतीत फार मोठा फरक आहे, तो पिनियन नटच्या जागी सांगतो.

आधी तेल नक्की कुठून येतंय ते ठरवा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो एकदा नाकात बसला की इंजिन ऑइलशी किंवा ब्रेक ऑइलशी गल्लत होत नाही. पण ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सला जोडलेली, पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) मागच्या सीलमधून गळणारं तेलसुद्धा बऱ्याचदा गिअर ऑइलच असतं, आणि चालत्या गाडीत ते वाऱ्याने मागे येऊन डिफरन्शियलवर चिकटतं. म्हणून सगळा भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन चिंधीने कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि लगेच खाली जाऊन बघा. पिनियन सील गळत असेल तर फ्लँजच्या (प्रोपेलर शाफ्ट ज्याला बोल्टने जोडतात त्या पिनियनवरच्या चकतीच्या) मागे पावडर ओली दिसते, आणि वरच्या पत्र्यावर फ्लँजच्या अगदी सरळ रेषेत तेलाचे शिंतोडे पडलेले असतात. पिनियनचा फेरा जोरात असतो: साठच्या वेगाला जीपचं चाक मिनिटाला साडेचारशेच्या आसपास फिरतं, आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर पाचच्या आसपास धरलं तर पिनियन सव्वादोन हजार फेरे घेतं. त्यामुळे थेंबभर तेलसुद्धा चक्राकार उडतं.

एक जागा मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटते. कधी कधी सील कोरडं असतं आणि तेल फ्लँजच्या आतल्या दात्यांमधून, म्हणजे स्प्लाइनमधून, नटच्या वॉशरखालून बाहेर येतं. अशा वेळी ओल फ्लँजच्या मागे नसते, पुढे, नटच्या भोवती असते. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा हलता सांधा) सोडून नटकडे पाहिलं की कळतं. उपाय सोपा: नट काढून स्प्लाइन स्वच्छ करायच्या, त्यांना आणि वॉशरच्या आतल्या बाजूला सिलिकॉन सीलंटचा पातळ हात द्यायचा. यासाठी सील बदलण्याची काहीच गरज नसते.

पहिली फेरी. पावसाळा संपता संपता डाग दिसला. शहरातल्या एका मिस्त्रींकडे नेली, त्यांनी तासाभरात सील बदलून दिलं. पंधरा दिवसांनी नवरात्रात गडावर गेलो, नांदुरीपासूनचा घाट चढून वर थांबलो, आणि खाली वाकून पाहिलं तर थेंब लटकलेला. सपाटीवर कोरडी असलेली गाडी घाटात गळते हीच खूण होती, फक्त ती ओळखायला मला आणखी आठवडा लागला. ब्रीदर बंद होता.

ब्रीदर म्हणजे ॲक्सलच्या नळीवर, वरच्या बाजूला बसवलेलं टोपीचं छोटंसं नळकांडं. डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते, ती इथून बाहेर जाते. थंड झालं की बाहेरची हवा इथूनच आत येते. आमच्या बागेतल्या चिखलाने आणि त्यावर बसलेल्या धुळीने तो सिमेंटसारखा भरून गेला होता. आता हिशेब करून पाहा. सकाळी २५ अंशांवर असलेली हवा घाट चढून ८५ अंशांना गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल, तर दाब सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जवळपास तीन पौंड, टायरमध्ये आपण भरतो त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. ऐकायला कमी वाटतं, पण साध्या ऑइल सीलचा रबरी ओठ दाब अडवण्यासाठी बनवलेला नसतो, तो फक्त तेलाचा शिडकावा अडवतो. दाब आला की तेल ओठाखालून बाहेर ढकललं जातं. हाच दाब दोन्ही टोकांच्या हब सीलवरही येतो, म्हणून मागच्या ब्रेक ड्रममध्ये तेल उतरू लागलं असेल तर ब्रीदरकडे पहिली नजर टाका. तेल लागलेले ब्रेक शू हा डागापेक्षा कितीतरी गंभीर प्रकार आहे.

ब्रीदर काढून रॉकेलमध्ये भिजवा, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का बघा, जात नसेल तर नवा घ्या. मी नंतर तिथे रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक बॉडीच्या आत उंचावर नेऊन बांधलं. चिखलात आणि पाण्यात फिरणाऱ्या गाडीला हा बदल कराच, अगदी आग्रहाने सांगतो. नळी चिमटली जाणार नाही आणि ॲक्सल खालीवर झाला तरी ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवायची.

तेव्हाच एक गोष्ट दिसली होती. जुनं तेल काढलं ते काळं नव्हतं, चहात दूध जास्त झाल्यासारखं फिकट होतं. तेलात पाणी मिसळलं की असं होतं. ते ओतून दिलं, नवं भरलं आणि पुढे गेलो. त्या रंगाकडे अजून लक्ष द्यायला हवं होतं, ते पुढे येतंच.

दुसरी फेरी. ब्रीदर मोकळा, सील पुन्हा नवं. काही महिने उत्तम गेले, नंतर ऐन द्राक्षकाढणीत पुन्हा ओल. या वेळी फ्लँज काढून हातात घेतला आणि उजेडात धरला. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे गोल चर पडलेला होता. बोटाचं नख फिरवलं की अडकत होतं. पोलादाला रबर चर पाडतं यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पण ओठाखाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते आणि इतक्या वर्षांत ती चर खोदते. नवं सील त्या चरात बसलं की ओठ नीट टेकत नाही.

नख अडकत नसेल, नुसती चमकती रेघ असेल, तर बारीक पॉलिश पेपर फ्लँजभोवती गोल फिरवून घासा. गोलच. आडवं किंवा तिरकं घासू नका, कारण तिरके ओरखडे स्क्रूच्या आट्यांसारखे तेल बाहेर ओढत राहतात. नख अडकत असेल तर तीन वाटा आहेत. नवा फ्लँज मिळाला तर सर्वांत चांगलं, पण जुन्या गाडीला मिळेलच असं नाही. दुसरी वाट पातळ स्टीलच्या स्लीव्हची: पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्लीव्ह फ्लँजवर ठोकून बसवायची, सीलचं माप बदलावं लागत नाही. तिसरी वाट म्हणजे लेथवर तो भाग किंचित उतरवून त्यावर जाड स्लीव्ह दाबून बसवायची आणि मूळ मापाला ग्राइंड करायची. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्यांना हे काम नवीन नाही. फक्त त्यांना सांगा की शेवटचा हात ग्राइंडिंगचाच हवा. नुसत्या लेथच्या टूलने फिनिश केलेल्या पृष्ठभागावर आट्यांसारख्या बारीक रेघा राहतात आणि त्या तेल ओढतात. मी तिसरी वाट घेतली.

तात्पुरता उपाय हवा असेल तर नवं सील आधीपेक्षा एक-दीड मिलिमीटर बाहेर ठेवून बसवा, म्हणजे ओठ चर सोडून कोऱ्या जागी टेकतो. हंगाम मारून न्यायला हे पुरतं. मात्र सील तिरकं बसता कामा नये आणि फ्लँजला घासता कामा नये.

तिसरी फेरी, आणि खरं कारण. चर गेला, ब्रीदर मोकळा, तरी चार महिन्यांत पुन्हा थेंब. शिवाय आता पन्नासच्या पुढे वेग गेला की मागून बारीक घरघर येत होती, पाय सोडला की आवाज बदलायचा. प्रोपेलर शाफ्ट सोडला, फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला आणि हाताला खट् असं जाणवलं. पिनियनला प्ले होता. इथे हलणं जाणवलंच नाही पाहिजे, अगदी अर्धा मिलिमीटरही नाही. पिनियन डुलत असेल तर सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला उघडा पडतो, आणि जगातलं कुठलंही सील तिथे टिकत नाही. याच वेळी क्रॉसही हलवून बघा. झिजलेला क्रॉस किंवा वाकलेला शाफ्ट पिनियनला सतत हादरे देतो.

डिफरन्शियल उघडलं तेव्हा पुढच्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे होते. आणि तेव्हा ते दुधाळ तेल आठवलं. आमच्या शिवारात जायच्या वाटेवर ओढा आहे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जीप जाते. नाशिकहून तासभर चालून आलेला तापलेला ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आक्रसते आणि आत पोकळी तयार होते. ब्रीदर बंद असेल तर ती पोकळी सीलच्या ओठाखालून पाणी आत खेचते. ते पाणी बेअरिंगवर बसलं, गंज धरला, बेअरिंग झिजलं, पिनियन डुलू लागलं, सील गेलं. म्हणजे तिसऱ्या गळतीचं बी पहिल्या वेळीच पडलं होतं. दुधाळ तेल दिसलं की नवं भरून दोन-तीनशे किलोमीटर चालवा, पुन्हा काढा, पुन्हा भरा, आणि त्याच वेळी पिनियनचा प्ले तपासा. एवढं केलं असतं तर माझं बेअरिंग बहुधा वाचलं असतं. आता मी ओढ्याच्या काठावर आधी दहा मिनिटं थांबतो, मगच पाण्यात घालतो.

बेअरिंग बदलणं हे घरच्या अंगणातलं काम नाही, हे मनापासून सांगतो. पिनियनची खोली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून ठरते, क्राऊन (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) आणि पिनियनचे दात कुठे टेकतात हे रंग लावून बघावं लागतं. आमच्या मिस्त्रींनी तेलात शेंदूर कालवून दातांना लावला आणि ठसा दाताच्या मध्यावर येईपर्यंत तीनदा उघडून शिम बदलल्या. असा ठसा न बघता बेअरिंग बदलून देणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

सील बदलणं मात्र घरी होतं. सुरुवात सुरक्षिततेपासून. जुन्या जिपांना हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो, तो प्रोपेलर शाफ्टमार्फत चाकं अडवतो. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाकं मोकळी होतात आणि उतारावर गाडी निघून जाते. म्हणून सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ओंडके, आणि ॲक्सलखाली भक्कम घोड्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका.

शाफ्ट सोडण्याआधी त्यावर आणि फ्लँजवर छिन्नीची खूण करा, म्हणजे होता तसाच परत बसेल. मग नट, फ्लँज आणि पिनियनचं टोक या तिन्हींवर एकाच रेषेत बारीक खूण. आता तो महत्त्वाचा फरक. पिनियन दोन निमुळत्या रोलर बेअरिंगवर फिरतं आणि नट त्या दोघांना एकमेकांकडे ठरावीक जोराने दाबून ठेवतो. काही ॲक्सलमध्ये, आमच्या जीपसारख्या, हा दाब शिमने ठरलेला असतो. तिथे नट पुस्तकात दिलेल्या पूर्ण टॉर्कला, साधारण दोनशे न्यूटन मीटरच्याही पुढे, आवळायचा. दुसऱ्या प्रकारात, जिप्सी आणि क्वालिससारख्या गाड्यांत, दोन बेअरिंगच्या मध्ये दबणारी नळी असते. नट जितका आवळाल तितकी ती चुरडते आणि परत फुलत नाही. जास्त आवळला तर सैल करून उपयोग नाही, नळी नवीच घालावी लागते. अशा गाडीच्या पिनियन नटवर एअर गन लावू देऊ नका. गनने दोन सेकंदांत घट्ट केलेला नट बेअरिंग जाळू शकतो.

दाब मोजायला महागडं साधन लागत नाही. बागेत क्रेट वजन करायचा स्प्रिंग काटा प्रत्येकाकडे असतो. मागची चाकं काढा, ब्रेक पूर्ण सैल करा, शक्य असेल तर ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढा. फ्लँजभोवती सुतळी गुंडाळून तिला काटा अडकवा आणि संथपणे ओढा. फिरायला लागतानाचा झटका धरायचा नाही, फिरत असतानाचा आकडा धरायचा. फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि काटा ३ किलो दाखवत असेल तर १५ किलो-सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड न्यूटन मीटर. नट उघडण्यापूर्वी हा आकडा वहीत लिहा. नळीच्या प्रकारात परत बसवताना नट आधी खुणेपर्यंत आणा, मग अगदी थोडा थोडा पुढे सरकवत प्रत्येक वेळी मोजा, आणि आकडा पहिल्याइतका किंवा किंचित जास्त झाला की थांबा.

फ्लँज अडवायला दोन भोकांची लांब लोखंडी पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. नट काढला की फ्लँज पुलरने ओढा, हातोड्याने ठोकू नका, तो घाव बेअरिंगवर बसतो. जुनं सील छिन्नीने काढताना सील ज्यात बसतं त्या खाचेच्या आतल्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नका.

नवं सील घेताना जुन्यावर कोरलेलं माप जुळवा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात तारेत ओवून टांगलेलं सील घेऊ नका, ओठाचा आकार बिघडलेला असतो. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर गाडी पुढे जाताना पिनियन कुठे फिरतं ते पाहून जुळवा. साधं नायट्राइल रबर आमच्यासारख्या वापराला पुरतं, सतत घाटात माल ओढणाऱ्याने जास्त उष्णता सोसणारं व्हायटॉन रबर शोधावं. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठावर आणि स्प्रिंगच्या खाचेत ग्रीस भरा, नाहीतर ठोकताना स्प्रिंग उडून आत पडते आणि ते कळतही नाही. ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाच्या पाइपचा तुकडा घ्या आणि सगळीकडून सारखे, हलके घाव द्या.

तेल जीएल-५ दर्जाचं, नव्वद नंबरचं किंवा पुस्तकात असेल ते. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच, आणि गाडी सपाट उभी असताना. मागची बाजू उचललेली असताना भरलं तर गाडी खाली आल्यावर पातळी चुकलेली निघते, आणि जास्त झालेलं तेल पुन्हा सीलवरच चढतं.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर फ्लँजच्या मागे थोडं ग्रीस उडालेलं दिसेल. ते ओठाला लावलेलं असतं, घाबरून पुन्हा उघडू नका. पुसून घ्या, पावडर टाका, एक घाट चढून या आणि मग बघा.